गोदामातल्या संगणकाचा पहिला पावसाळा



गेल्या वर्षी आपण दिलेल्या देणगीतून नवापूर तालुक्यातल्या एका आदिवासी सहकारी संस्थेच्या खत-बियाणे गोदामासाठी संगणक, बारकोड वाचणारे यंत्र आणि साठ्यावर लक्ष ठेवणारी प्रणाली घेतली. तिचे पुढे काय झाले, असे अनेकांनी विचारले. पहिल्या पावसाळ्यात ती फसली. चूक बरीचशी माझी होती, म्हणून ती नीट समजावून सांगते.

आधी जुनी पद्धत. साठ्याची नोंद वहीत असे. युरियाची थप्पी संपत आल्याचे डोळ्यांना दिसले की सचिव मागणी नोंदवायचे, बँकेत पैसे भरायचे आणि मग मालाची गाडी यायची. यात सहज दहा दिवस जात. भाताला लावणीच्या वेळी आणि नंतर फुटवे येताना खत लागते, तेव्हा दहा दिवस थांबून चालत नाही. शेतकरी खाजगी दुकानात जातो. तिथे 45 किलोचे, 266.50 रुपये छापील किमतीचे पोते त्या किमतीला मिळेलच असे नाही. मिळाले तरी सोबत नको असलेली औषधाची बाटली घ्यावी लागते. बाजारात याला ‘लिंकिंग’ म्हणतात. हातात रोकड नसेल तर उधारी, आणि उधारी फिटते ती खळ्यावरच्या भाताने. संस्थेचे गोदाम आहे ते हे टळावे म्हणून.

नवी प्रणाली असे काम करते : पोते बाहेर गेले की नोंद होते, शिल्लक आपोआप कमी होते. शिल्लक ठरलेल्या पातळीच्या खाली आली की सचिवांच्या आणि अध्यक्षांच्या फोनवर संदेश जातो आणि मागणीपत्र तयार होऊन बसते. ही पातळी ठरवायचा हिशेब सोपा आहे. रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, आणि वर थोडा राखीव साठा.

गोल आकडे घेऊन बघा. वर्षाला 730 पोती विकली जातात, म्हणजे रोज 2. दहा दिवसांची 20, राखीव 10. पातळी 30. मी हा आकडा भरला आणि समाधानाने घरी गेले.

आमच्या भागात रोज दोन पोती कधीच जात नाहीत. फेब्रुवारीत आठवड्याला एक जात नाही, आणि लावणी सुरू झाली की एका सकाळी तीस जातात. संगणकाने संदेश पाठवला, अगदी नियमाप्रमाणे, आणि दुपारपर्यंत गोदाम रिकामे. योसेफाने मिसरात धान्य मोजायचे सोडले ते अपरिमित झाले म्हणून. आमच्याकडे दुपारनंतर मोजायलाच काही उरले नव्हते. त्या आठवड्यात गोदामाच्या दारातून परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांतली काही आमच्या बचतगटातली होती, आणि मलाच विचारत होती, ‘ताई, यंत्र आणलं ना?’

उत्तर गोदामातच होते, आणि ते सांगितले संचालक मंडळावरच्या एका आजींनी. त्या म्हणाल्या, बियाणे कोण कधी घेऊन गेले ते तुझ्या यंत्राला माहीत आहे ना? मग लावणी कधी ते त्याला कळायला नको? रोप टाकल्यापासून साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी लावणी होते. भाताच्या बियाण्याची पिशवी गोदामातून गेली की त्या घराला युरिया कधी लागेल हे जवळजवळ ठरलेले असते. भाताला हेक्टरी 100 किलो नत्र धरले आणि ते सगळे युरियातूनच द्यायचे म्हटले, तर एकरी सुमारे दोन पोती होतात. मिश्रखत दिले तर कमी. दहा दिवसांत येणारा माल तीन आठवडे आधी मागवता येतो.

म्हणून आता पातळी वर्षभर एकच नाही. उन्हाळ्यात ती खाली असते, आणि भाताचे बियाणे विकले जाऊ लागले की त्या विक्रीच्या हिशेबाने युरियाची पातळी वर चढते. प्रणाली पुरवणाऱ्या मुलाला एवढा बदल करायला अर्धा दिवस लागला. सरासरीचा मोह मला कसा पडला, याचा विचार करायला मला जास्त वेळ लागला.

दुसरी अडचण उधारीची. ओळखीच्या माणसाला बियाणे द्यायचे आणि नाव खिशातल्या डायरीत लिहायचे, ही सवय. संगणकाला डायरी दिसत नाही. त्याच्या लेखी माल आहे, फळीवर नाही, आणि संदेशही येत नाही. आता उधारीची पिशवीसुद्धा बारकोडखालून गेल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. पैसे नंतर आले तरी चालतील.

‘सगळेच स्वयंचलित का केले नाही? मागणी थेट पुरवठादाराकडे का जात नाही?’ असे एका दात्याने पत्रात विचारले आहे. ते आम्ही मुद्दाम टाळले. मागणी गेली की पैसे भरावे लागतात, आणि जून महिन्यात संस्थेच्या खात्यात किती असतात हे मंडळालाच ठाऊक. शिवाय बियाण्याला मुदत असते. पाऊस लांबला, लोकांनी बेत बदलला, तर जास्तीचे बियाणे पडून राहते आणि मुदत संपली की विकता येत नाही. तो तोटा सभासदांचा. त्यामुळे मागणीपत्र यंत्र लिहिते, पाठवायचे की नाही हे दोन माणसे ठरवतात. सचिवांना वाटणारी नोकरी जाण्याची भीतीही त्यामुळे गेली.

वीज जाते तेव्हा अजून कागदावरच लिहावे लागते; इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायची राहिली आहे.

दर शनिवारी दोन सभासद बाया गोदामात जाऊन पोती मोजतात आणि भिंतीवर खडूने रेघा ओढतात. मागच्या शनिवारी संगणक म्हणत होता 42, भिंतीवर रेघा होत्या 40. ती दोन पोती आम्ही अजून शोधतो आहोत.