औषधाची चिठ्ठी कोणी लिहावी?

कोणताही परवाना एकाच वेळी दोन कामे करतो. अपात्र माणसाला दूर ठेवून तो समाजाचे रक्षण करतो, आणि सेवेचा पुरवठा आखडून परवानाधारकांचे स्थान बळकटही करतो. यांपैकी कोणते काम अधिक होत आहे, हे कायद्याच्या हेतूवरून कळत नाही. ते अनुभवावरून ठरते. व्यसन लावू शकणारी वेदनाशामके लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांखेरीज इतरांना असावा काय, या प्रश्नावर अमेरिकेला आलेला अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

दुहेरी कुलूप

अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अशा औषधांचे, त्यांचा धोका पाहून, पाच अनुसूचींत वर्गीकरण केले. ती लिहून देणाऱ्याला केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. उच्च प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक यांच्यासाठी १९९३ मध्ये या नोंदणीत स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. परंतु राज्याच्या कायद्याने अधिकार दिला असेल, तरच केंद्राची नोंदणी मिळते. त्यामुळे शिक्षण तेच असूनही परिचारिकेचा अधिकार राज्यागणिक बदलतो.

या निर्बंधाची किंमत रुग्ण मोजतो. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन ही औषधे दुसऱ्या अनुसूचीत येतात आणि तेथे जुन्या चिठ्ठीवर औषध पुन्हा मिळत नाही. दर वेळी नवी चिठ्ठी लागते. ज्या गावात परिचारिका आहे पण डॉक्टर नाही, तेथील कर्करोग्याला प्रवासखर्च आणि सोबत्याची बुडालेली मजुरी सोसावी लागते, अथवा वेदना. सरकारी हिशेबात यांपैकी काहीच दिसत नाही.

फ्लोरिडाचा धडा

चिठ्ठी लिहिणारे हात वाढले की व्यसन वाढेल, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु परिचारिकांना ही अनुमती सर्वांत शेवटी देणारे राज्य फ्लोरिडा होते. तेथे कायदा २०१६ मध्ये झाला. त्याआधी, अधिकार डॉक्टर मंडळींकडेच राखलेला असताना, याच राज्यात पैसे घेऊन गोळ्या वाटणाऱ्या दवाखान्यांचा सुळसुळाट झाला होता. २०१० मध्ये आपल्या दवाखान्यातूनच सर्वाधिक ऑक्सिकोडोन देणाऱ्या देशातील १०० डॉक्टरांपैकी ९८ फ्लोरिडात होते. पदवीच्या कुंपणाने काहीही अडले नाही.

अडवले ते व्यवहारावरील देखरेखीने. अशा दवाखान्यांवर निर्बंध आले, २०११ मध्ये डॉक्टरांनी स्वतः ही औषधे विकण्यास बंदी झाली आणि प्रत्येक विक्रीची मध्यवर्ती नोंद होऊ लागली. २०१० ते २०१२ या काळात ऑक्सिकोडोनमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पुढे हेरॉइन व फेंटानिल यांनी नवे बळी घेतले हे खरे. पण तो मुख्यतः बेकायदा बाजाराचा प्रश्न होता. परिचारिकांना अधिकार देतानाही फ्लोरिडाने दुसऱ्या अनुसूचीतील औषधांवर सर्वसाधारणपणे सात दिवसांची मर्यादा घातली. ही मर्यादा धोक्याला धरून आहे. सरसकट मनाई तशी नव्हती.

नियमांतील विसंगती तर याहून बोलकी होती. व्यसनमुक्तीसाठी ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यास २००० च्या कायद्याने केवळ खास अनुमती घेतलेल्या डॉक्टरांना मुभा दिली होती. २०१६ मध्ये ती परिचारिका व सहायकांनाही मिळाली. पण डॉक्टरांना आठ तासांचे प्रशिक्षण पुरत असे, तर त्यांना चोवीस तासांचे घ्यावे लागे. व्यसन लावणाऱ्या ऑक्सिकोडोनसाठी मात्र अशी खास अनुमती कोणालाच लागत नव्हती! ही अट अखेर डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिनसाठी रुग्णालयांना अनेक परवाने गोळा करावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा वाद पेटला तो मुख्यतः पदवीच्या प्रतिष्ठेभोवती. कोणते औषध, किती दिवसांचे, कोणत्या प्रशिक्षणावर आणि कोणत्या नोंदीखाली, हे प्रश्न मागे पडले. वस्तुतः परवान्याचे खरे मोल याच प्रश्नांच्या उत्तरांत आहे. ती उत्तरे टाळून केवळ पदवी पाहणारे शासन व्यसन रोखत नाही. ते फक्त वेदनेची रांग लांबवते.