नाव नसलेला रोखा

समजा, २०२१ साली एखाद्या कंपनीला एका पक्षाला दहा कोटी द्यायचे आहेत, पण बोभाटा नको आहे. कंपनीचा माणूस निवडणूक रोखे घ्यायला स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत जाई. दुसऱ्या कुठल्या बँकेत ते मिळत नसत. वर्षातून चारदा, दहा-दहा दिवस विक्री चाले. केवायसीची कागदपत्रे द्यायची, खात्यातून पैसे वळते करायचे आणि कोटी-कोटीचे दहा रोखे घ्यायचे. रोखा हजार रुपयांचाही होता म्हणा, पण बहुतेक रक्कम कोटीच्या रोख्यांतूनच आली.

रोख्यावर ना देणाऱ्याचे नाव, ना घेणाऱ्याचे. तो पक्षाच्या हाती दिला की पक्षाने पंधरा दिवसांत स्टेट बँकेतल्याच आपल्या खात्यात भरायचा. मुदत टळली तर रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जमा. निवडणूक आयोगाला पक्ष मिळालेली रक्कम कळवी, दाता नाही.

तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी २०१७च्या अर्थसंकल्पात ही योजना मांडली तेव्हा सांगितले गेले की पैसा बँकेतून येईल आणि देणगीदारावर विरोधी पक्ष डूख धरणार नाही. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण त्याच वर्षी कंपन्यांच्या देणगीवरची, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उठवली गेली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी द्यायला मोकळी!

खरी गोम गुप्ततेत होती. रोखा कोणी आणून दिला हे पक्षाला कळायला कागदावर नाव लागत नाही. खरेदीदाराची ओळख सरकारी बँकेकडे होतीच. शिवाय रोख्यावर एक छुपा क्रमांक होता, फक्त अतिनील प्रकाशात दिसणारा. पत्रकार पूनम अग्रवाल यांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेतून तपासून तो उघड केला. अंधारात राहिला तो मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली; मतदाराच्या माहितीच्या हक्कावर ती गदा आणते, असे म्हटले. रोख्यांचा तपशील जाहीर करण्याचा आदेशही दिला; तो द्यायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर! न्यायालयाने ती नाकारली. यादी आली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटींची. एप्रिल २०१९ नंतरच्या रोख्यांतले सुमारे ६,०६० कोटी एकट्या भाजपकडे गेले. कंत्राटे, छापे आणि देणग्या यांच्या तारखा पत्रकारांनी शेजारी ठेवून पाहिल्या. तारखा जवळ असणे म्हणजे सौदा सिद्ध होणे नव्हे, पण प्रश्न विचारण्यासाठी आधी तारखा तरी हाती लागाव्या लागतात.

रोखे गेले, तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाने आजही जाहीर करावे लागत नाही. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे. पक्षाला मात्र कसलीच नाही. वीस हजारांवरच्या देणगीदारांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. आपण मत देतो त्या पक्षाची एकदा उघडून पाहा.