‘माझी लस पोरांना द्या’



१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांपुढच्यांना कोरोनाची लस मिळू लागली, तेव्हा सणसवाडीच्या आमच्या वस्तीत म्हातारी माणसे सगळ्यात आधी रांगेत दिसतील असे आम्हाला वाटले होते. झाले उलटेच. एक आजी उंबऱ्यातूनच म्हणाली, "माझं काय राहिलंय आता? माझी लस पोरांना द्या." आम्ही जुन्या सवयीने, वॉर्डात रागवावे तसे रागावलो. ती आत निघून गेली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गप्प बसून ऐकले. सुईची भीती तिला नव्हतीच. मुलगा कंपनीत कंत्राटी कामावर. आईला केंद्रावर न्यायचे म्हणजे त्याचा खाडा. वर रिक्षाभाडे. ताप आला तर सुनेचाही रोज बुडणार. हा सगळा हिशेब करून आजीने "नको" म्हटले होते. आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे "नको" असेच असते. त्याला अडाणीपणा म्हणू नका. आधी खर्च आणि खोळंबा कमी करा, मग समजवा.

२०२१ मध्ये सरकारी केंद्रावर लस मोफत होती. एका मोबाईल नंबरवर तेव्हा चौघांची नोंदणी होत असे, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांतल्या म्हाताऱ्यांची नावे एकत्र घालून एकाच रिक्षाने न्यायला आम्ही सांगत होतो. एकाचाच खाडा होई. आधार सापडत नसले तर मतदान कार्ड किंवा फोटो असलेले पेन्शनचे पासबुक चाले. निघण्याआधी आशाताईंना फोन करून आज लस आली आहे का ते विचारायला लागे. आमची आजी एप्रिलच्या उन्हात सकाळी सातपासून रांगेत होती, आणि अकराला "संपली" म्हणून परत पाठवली. त्यानंतर तिला पुन्हा तयार करायला आम्हाला तीन आठवडे लागले.

"मला शुगर आहे, बीपी आहे, मला कशी चालेल?" हा प्रश्न घरोघर येई. अशांनाच तर आधी द्यायची होती. मार्चमध्ये ४५ ते ५९ वयाच्या ज्यांना लस खुली झाली, ते असे आजारी लोकच होते. वयाने आणि शुगरने शरीराची लढण्याची ताकद कमी होते. लस त्या शरीराला विषाणूची ओळख आधीच करून देते. लस घेतल्यावरही कोरोना होऊ शकतो, पण ऑक्सिजन लागण्यापर्यंत पाळी येण्याचा धोका खूप कमी होतो. त्या दिवशी रोजच्या गोळ्या बंद करू नका, पोटभर खाऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर जोरात रिॲक्शन आली असेल, तर टोचण्याआधी सिस्टरला सांगा. कोरोना होऊन गेला असेल तर २०२१ मध्ये बरे झाल्यापासून तीन महिने थांबायला सांगत. लशीनंतर अर्धा तास तिथेच बसा. अंगदुखी, ताप एक-दोन दिवस राहतो, पॅरासिटामॉलने उतरतो. त्यापुढेही राहिला किंवा दम लागला तर डॉक्टर गाठा.

दुसऱ्या डोसचा घोळ मोठा होता. कोविशिल्डचे अंतर आधी २८ दिवस होते, मग सहा ते आठ आठवडे, आणि १३ मे २०२१ पासून १२ ते १६ आठवडे झाले. कोव्हॅक्सिनचे तेव्हा चार ते सहा आठवडेच होते. पहिल्या डोसचा कागद म्हणूनच जपून ठेवायला आम्ही सांगत होतो. कोणती लस घेतली ते त्यावर असे, आणि दुसराही डोस त्याच लशीचा लागे.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या वस्तीतला आजारी मुलगा पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात आणला, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. दोनच महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची नवी लस स्वतःला टोचून घेतली होती. २०२१ मध्ये त्याच हडपसर भागात कोविशिल्ड बनत होती. आपल्या वस्तीपासून तासाभराची वाट.

ज्यांना चालवत नव्हते त्यांच्यासाठीही एक वाट होती. मे २०२१ अखेरच्या केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे ६० वर्षांपुढच्यांसाठी आणि अपंगांसाठी शाळेत, ग्रामपंचायतीत, समाजमंदिरातही केंद्र भरवता येत होते. वयाची यादी करून सरपंच आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. बसायला, थांबायला जागा हवी असली तर आपले विहार होतेच.

आजीने मेमध्ये पहिला डोस घेतला. दुसरा जुलैअखेर होता. सुनेने दिनदर्शिकेवर तारखेला गोल केला होता, आणि त्या दिवसाची सुट्टी मुलाने मुकादमाला आधीच सांगून ठेवली होती.