दोन चाव्यांची तिजोरी

‘मनाचा डॉक्टर’ हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा आणि आठवड्यामागून आठवडे रुग्णासमोर बसून, चाचण्यांतून आणि संवादातून उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वेगळा. पहिला एमबीबीएस होऊन आलेला असतो, हे आपल्याला ठाऊक असते. दुसरा घडतो कसा, हे मात्र सुशिक्षित घरांतही क्वचितच कुणी विचारते.

आपल्याकडे या शिक्षणाचा पाया बंगळुरूला घातला गेला. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ साली शेजारचे मनोरुग्णालय तिच्यात सामील होऊन ‘निमहान्स’ उभी राहिली. पुढे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. ही रीत रुळली. विद्यार्थी रुग्णालयात रुग्णाचा सविस्तर वृत्तांत लिहितो, चाचण्या घेतो, उपचाराला बसतो आणि प्रत्येक नोंद मार्गदर्शकापुढे ठेवतो. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते ते त्यानंतर.

इतका खटाटोप कशासाठी? परीक्षेची भीती घालवायला कदाचित तो लागणारही नाही. पण लहानपणापासून मार आणि अवहेलना सोसलेली तिशीतली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. सकाळी ती समोरच्याला देव मानते, संध्याकाळी वैरी. मध्येच हातावर ब्लेड चालवते. अशा अवस्थेला ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणतात. अर्धवट शिकलेला उपचारक इथे एक तर घाबरून अंग काढून घेतो, नाही तर तारणहार व्हायला जातो आणि दोन महिन्यांत थकतो. दोन्हींचा शेवट एकच: आणखी एक माणूस तिला सोडून जातो. मूळ जखमेवरच घाव बसतो.

या विकारावर अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी उपचारपद्धती बसवली आणि १९९३ साली ग्रंथरूपाने मांडली. तरुण वयात आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. त्यांच्या पद्धतीला चार अंगे आहेत. रुग्णाशी एकट्याने बोलणे, गटात कौशल्ये शिकवणे, अडीअडचणीला फोनवर मार्गदर्शन आणि चौथे, उपचारकांची आपसातली नियमित बैठक. तिथे उपचारकाने आपली भीती, चीड, कंटाळा सहकाऱ्यांपुढे मांडायचा.

मी नोकरी बँकेत केली. तिजोरीला दोन चाव्या असत. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. मोठी जोखीम एकट्यावर टाकायची नाही, हे त्यामागचे जुने शहाणपण. पैशासाठी आपण जे पाळतो, ते माणसाच्या मनासाठी नको का?

प्रश्न आजचा आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक विकार आढळला आणि त्यांतले बहुसंख्य उपचारांवाचून होते. तेव्हा उपचारक वाढले पाहिजेत, यात वाद नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. ही पदवी मोडीत निघाली. या विषयापुरती २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत मुभा मिळाली आणि नवे अभ्यासक्रम पुढे आले. पदवीचे नाव काहीही असो. वर्गात विद्यार्थी वाढवता येतात, पण शेजारी बसून चुका दाखवणारा अनुभवी मार्गदर्शक घडायला पंधरा-वीस वर्षे लागतात. जागा वाढवताना त्याचीच काटछाट झाली, तर प्रमाणपत्रे भिंतीवर लागतील आणि किंमत रुग्ण मोजेल.

आपल्या माणसाला उपचारासाठी नेताना फी विचारतो, तसे आणखी दोन प्रश्न विचारावेत. परिषदेकडे नोंदणी आहे का? आणि अवघड प्रसंगी तुम्ही सल्ला कुणाचा घेता? चांगल्या उपचारकाला दुसऱ्या प्रश्नाचा राग येत नाही. तो शांतपणे उत्तर देतो.