पंगतीतील प्रत्येक पान सुरक्षित असावे

मंगल कार्यालयात पहिली पंगत बसली आहे. चटणी, कोशिंबीर, पंचामृत, अळूची भाजी असे एकेक पदार्थ पानात येत आहेत. पंगतीच्या टोकाला एक आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलासमोर घरून आणलेला डबा उघडते. शेजारच्या काकूंना राहवत नाही. "अहो, लग्नाला येऊन डबा कसला? थोडी कोशिंबीर तरी वाढू द्या त्याला. एवढ्याशाने काय होते?" मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि कोशिंबिरीतील चमचाभर दाण्याचे कूट त्याचा श्वास कोंडू शकते, हे त्या आईला भर पंगतीत समजावून सांगावे लागते.

हे दृश्य काल्पनिक असले, तरी अशी मुले आणि असे डबे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. घरचे कार्य असो, शाखेचा वर्धापनदिन असो वा सहकाऱ्याचा सेवानिवृत्ती समारंभ असो; जेथे शे-दोनशे पाने मांडली जातात, तेथे "एवढ्याशाने काय होते?" या प्रश्नाचे उत्तर यजमानाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

आग्रह आणि पथ्य

आग्रह हा आपल्या पंगतीचा प्राण होय. पाहुण्याने नको म्हणावे आणि यजमानाने जिलबीचा आणखी एक वेढा पानात ठेवावा, यातच आदरातिथ्याची शोभा मानली गेली. परंतु याच संस्कृतीने पथ्यही तितक्याच आदराने पाळले आहे. चतुर्थीचा उपवास असलेल्या पाहुण्यासाठी साबुदाण्याची खिचडी वेगळ्या भांड्यात होते, उपवासाच्या पदार्थाला उष्टा-खरकटा डाव लागू दिला जात नाही आणि त्या पाहुण्याला कोणी "थोडा भात खा" असा आग्रह करीत नाही. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून स्वतंत्र स्वयंपाक होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची पाने आधी वाढली जातात.

याचाच अर्थ असा की, अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी जी शिस्त लागते, ती आपल्या घरांना नवीन नाही. फरक आहे तो परिणामांचा. उपवास चुकून मोडला तर मनाला रुखरुख लागते. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत चूक झाली तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

'चालत नाही' याचे अनेक अर्थ

पाहुणा "मला हे चालत नाही" असे म्हणतो, तेव्हा त्यामागील कारण समजून घेणे अगत्याचे असते. अ‍ॅलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या अन्नघटकालाच शत्रू मानते. अंगावर गांधी उठणे, ओठ व जीभ सुजणे, उलटी होणे, धाप लागणे ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत दिसतात. अल्प प्रमाणही पुरेसे ठरू शकते आणि शेंगदाणे भाजल्याने वा शिजविल्याने धोका टळत नाही.

सीलिअ‍ॅक विकार याहून वेगळा. यात गहू, जव यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. पाहुणा जेवून हसतमुखाने घरी जातो, म्हणून त्याला बाधले नाही असे समजता येत नाही. उत्तर भारतातील गहू खाणाऱ्या प्रदेशांत हा विकार विशेष आढळतो आणि त्यावर आजन्म कडक पथ्य हाच उपाय आहे.

दूध न पचणाऱ्या व्यक्तीची गोष्ट निराळी. तिच्या शरीरात दुधातील साखर पचविणारे पाचकद्रव्य कमी असते. पोट बिघडते, परंतु जीव धोक्यात येत नाही. मात्र दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्याला खव्याची बर्फी वा श्रीखंड घातक ठरू शकते. मधुमेही, वीगन आणि धार्मिक नियम पाळणारे पाहुणे यांच्या गरजा पुन्हा वेगळ्या. या सर्वांना 'पथ्याचे जेवण' अशा एकाच सदरात घातले, की गोंधळाला आरंभ होतो.

न दिसणारे घटक

पानातील शेंगदाणा दिसतो. कूट दिसत नाही. महाराष्ट्रीय स्वयंपाकात दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि उपवासाच्या खिचडीतही असते. पंचामृतात दाणे आणि तीळ दोन्ही येतात. पनीरच्या रश्शाला दाटपणा येतो तो बहुधा काजूच्या वाटणामुळे. सोया सॉसमध्ये प्रायः गहू असतो. डबीतील हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे भात-आमटी खाणारा सीलिअ‍ॅक रुग्णही फोडणीतून फसू शकतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही धान्ये मुळात ग्लूटेनमुक्त. परंतु ज्या गिरणीत आधी गहू दळला, त्याच गिरणीतून आलेले पीठ तसे राहत नाही.

याखेरीज भटारखान्यातील संसर्ग असतो तो वेगळाच. मैद्याच्या पुऱ्या तळलेल्या कढईतच साबुदाण्याचे पापड तळणे, किंवा एकच डाव कोशिंबिरीतून दह्यात जाणे, एवढ्यानेही सारी काळजी वाया जाते.

२०१६ साली इंग्लंडमधील नताशा एडनान-लापरूस या पंधरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू अशाच न दिसणाऱ्या घटकामुळे झाला. तिने विकत घेतलेल्या पावाच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. पुढे तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि दुकानातच बांधून ठेवलेल्या अशा पदार्थांवरही संपूर्ण घटकांची यादी देणे बंधनकारक झाले.

कायदा काय सांगतो?

भारतात २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार वेष्टित पदार्थांवर ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांची नोंद करावी लागते. 'ग्लूटेनमुक्त' म्हणविणाऱ्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. तीळ आणि मोहरी मात्र या यादीत नाहीत. दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूसोबत अ‍ॅलर्जीविषयक माहिती द्यावी लागते; परंतु गावातील लग्नाचा आचारी सहसा या तरतुदीच्या कक्षेत येत नाही. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना पाहून केटरर निवडावा हे योग्यच. तथापि, विचारण्याची जबाबदारी यजमानावरच राहते.

निमंत्रणापासून पानापर्यंत

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. समारंभाच्या जेवणातही हीच रीत उपयोगी पडते. निमंत्रणासोबतच "आपणांस वा आपल्या मुलांना एखादा पदार्थ वर्ज्य असल्यास कृपया कळवावे" एवढी एक ओळ घालावी. आलेली माहिती तोंडी न ठेवता कागदावर लिहावी आणि ती केटररच्या व्यवस्थापकालाच नव्हे, तर प्रत्यक्ष कढईपाशी उभ्या असलेल्या मुख्य आचाऱ्यालाही वाचून दाखवावी. शेंगदाण्याऐवजी खोबरे वापरता येईल का, हिंगाशिवाय एक लहान पातेले आमटी निराळी काढता येईल का, हे कार्याच्या सकाळी नव्हे, तर मेनू ठरतानाच विचारावे.

वर्ज्य घटक नसलेले पदार्थ सर्वांत आधी, स्वच्छ भांड्यांत, ताज्या तेलात करून झाकून ठेवावेत. बुफे असेल तर प्रत्येक पदार्थापुढे नाव व प्रमुख घटक लिहिलेली पाटी असावी आणि प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव असावा. शक्य तर अशा पाहुण्याचे पान आतूनच वाढून आणावे. वाढप्यांपैकी एकाला या पाहुण्यांची ओळख करून द्यावी आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगावी: खात्री नसेल तेव्हा "नसेल बहुधा" असे न म्हणता "विचारून येतो" असे म्हणावे.

प्रसंग ओढवल्यास

जेवताना कोणाला धाप लागली, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा भोवळ आली, तर 'थोडे बसा, बरे वाटेल' म्हणत वेळ दवडू नये. त्या व्यक्तीजवळ डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन असल्यास ते तत्काळ मांडीत द्यावे आणि ११२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. श्वास घेणे कठीण जात असेल तर बसू द्यावे, परंतु चालवू नये. अ‍ॅलर्जीची साधी गोळी ही अ‍ॅड्रिनलिनची जागा घेऊ शकत नाही. कार्यालयापासून जवळचे रुग्णालय कोणते, हे यजमानाने आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

या साऱ्याला खर्च फार लागत नाही. लागते ती एक ओळ निमंत्रणात, एक कागद आचाऱ्यापाशी आणि 'नको' म्हणणाऱ्याचा शब्द प्रमाण मानण्याची तयारी. असे यजमान लाभले, तर पंगतीच्या टोकाला बसलेली ती आई पुढच्या कार्याला येताना डबा घरीच ठेवील आणि तिचा मुलगा इतर मुलांच्या बरोबरीने पानावर बसेल. पाहुण्याचे याहून मोठे आदरातिथ्य दुसरे कोणते?