तैलरंग वाळतो म्हणजे काय होते?

स्पर्धेची मुदत जवळ आली की जळगाव-धुळ्यात तैलरंगातले आत्मचित्र (स्वतःचे व्यक्तिचित्र) गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह होतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना रंग वाळायला किती वेळ लागणार, असा साधा हिशेब असतो.

जलरंगातले पाणी उडून जाते. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते (ऑक्सिडीकरण). स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीच्या तोंडाशी धरणारा चिकट थर असाच बनतो. उडते ते फक्त टर्पेंटाइन, आणि तेवढ्यावरून रंग वाळल्याचा भास होतो.

उष्णतेने ही क्रिया काहीशी वेगाने होते, हे खरे. पण जाड थराला आधी वरून साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात. खानदेशी उन्हाळ्यातली धूळ चित्रातल्या ओल्या गालावर बसते, ती निराळीच.

आत्मचित्रात केस-मिशा जास्त छळतात, कारण आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार सावकाश घट्ट होतो. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर घट्ट होतो. म्हणून गडद भागांचा पहिला थर अंबर आणि निळ्या अल्ट्रामरीनचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला द्यावा. तेल वरच्या थरांत वाढवावे. उलट केले तर वरचा थर तडकतो.

पातळ थर काही दिवसांत बोटाला लागेनासा होतो. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या (स्थापना 1888) संस्थेच्या प्रदर्शनाला चित्र पाठवायला तेवढे पुरते. शेवटचे वॉर्निश परंपरेने सहा महिने ते वर्षभराने देतात.