नऊ तारखेची रांग

मे महिन्याची ९ तारीख. सकाळचे साडेनऊच वाजलेत, पण व्हरांड्याची फरशी तापायला लागलीय. खारपाणपट्ट्यातलं हे ग्रामीण रुग्णालय. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून, अकोल्याकडच्या आणि अमरावतीकडच्या बाया इथं येतात. फाटकात ऑटो थांबतो. आधी आशाताई उतरते, काखेत रजिस्टर. मागून पाच पोटुशा बाया.

केसपेपरची रांग व्हरांड्यातून वळून कडुनिंबापर्यंत गेलीय. रांगेत बाया कमी, पिशव्याच जास्त. बाया सावलीत टेकल्यात, नंबर पिशवीनं धरलाय. खिडकी एक माणूस मोकळा करते, तशी प्रत्येक पिशवी एकेक फरशी पुढं सरकते. कुलर घरघरतोय. त्यातलं पाणी कधीच संपलंय. फेकतो ती गरम हवाच.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टर खास तपासणी करतात. आज म्हणून ही गर्दी. वजनकाटा, बीपीचा पट्टा, बोटाला सुई. लॅबमधून एक आकडा ऐकू येतो, "साडेसहा." हिमोग्लोबिन ७ च्या खाली. कार्डावर लाल स्टिकर लागतं. जोखमीची माता.

कार्डवाली बाई सव्वीस-सत्तावीसची. कडेवर एक पोरगं.

"हे किती महिन्यांचं?" सिस्टर विचारते.

"चौदा."

"अन् पोटातलं?"

"सहावा लागला."

सिस्टर बोटांवर मोजते. "म्हणजे हे नऊ महिन्यांचं होतं, तवाच दिवस गेले."

"अंगावर पाजत होती न मॅडम. पाळीबी आली नव्हती."

बाकावरच्या गप्पा थांबतात. सिस्टर मुद्दाम आवाज वाढवते. पाजण्याचा भरवसा बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतच. तेही पाळी परतली नसेल आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल, तर. वरचं दूध, वरण-पाणी सुरू झालं की भरवसा संपला. बीज आधी येतं, पाळी नंतर.

"म्हणजे पाळी न येताच दिवस जातात?" मागून कुणीतरी विचारतं.

"जातात."

पुढं समुपदेशनाची खोली. दाराला पडदा. टेबलावर ट्रे आहे, त्यात तांबी, गोळ्यांची पाकिटं, निरोध. भिंतीवर दिनदर्शिका. एक मुलगी खुर्चीच्या टोकावर बसलीय. लग्नाला दोन महिने झालेत, काल माहेरी आलीय. आई बाहेर थांबलीय.

"आईले सांगू नका."

"नाही सांगत. बोल."

"हे काळजी घेतात. पण परवा राती..." ती गप्प होते.

"बाहेर काढतात, असंच न?" सिस्टरचा चेहरा हलत नाही. "शंभर जोडपी वर्षभर त्याच भरवशावर राहिली, तर विसेक बायांना दिवस जातात. निरोधवर तेरा. तांबीवर एकही क्वचित."

"मोबाईलात सेफ दिवस दाखवत होतं."

सिस्टर पेन घेऊन दिनदर्शिकेपाशी जाते. २६ एप्रिलला पाळी आली. पुढची २४ मेच्या आसपास. तिथून चौदा दिवस मागं, म्हणजे १० मे. बीज दिवसभरच टिकतं, पण पुरुषाचं बीज पोटात पाच दिवस जगतं. ५ ते १० मे, सहा चौकोनांवर गोल पडतात. "अन् पाळी चार दिवस पुढं-मागं झाली की हे गोलही सरकतात. मोबाईल मागच्या पाळ्या पाहून सांगते. पुढची त्याले काय माहीत?"

परवाची रात्र गोलात आहे. ७२ तास अजून व्हायचेत. सिस्टर तातडीची गोळी काढते. ही गर्भ पाडायची गोळी नाही, बीज बाहेर पडणं लांबवते. जितकी लवकर घ्यावी, तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर परत ये. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी. मुलगी तिथंच पाण्याच्या बाटलीतून घोट घेते.

"हे दर वेळचं नव्हे," सिस्टर ट्रे पुढं सरकवते. छाया, हार्मोन नसलेली गोळी. तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतरा, तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

"त्यानं पाळी बंद होते म्हणतात. मग रक्त कुठं साचते?"

"साचत नाही. पिशवीचं अस्तरच पातळ राहते, तर गळंल काय?"

"अन् तांबी वर चढून काळजात जाते?"

"पिशवीतून काळजाकडं रस्ताच नाही."

बाहेर ऊन आता पांढरं झालंय. टिनाच्या शेडखाली मोटारसायकली लागल्यात आणि त्यांच्यावर पुरुष. खर्रा घोटला जातोय. फाटकाशेजारच्या भिंतीवर निरोधचा डबा आहे, कुणीही न विचारता घ्यावा असा. डबा काठोकाठ भरलेला. "राती खाली होते," वॉचमन सांगतो. शेजारी बिनटाक्याच्या नसबंदीचं पोस्टर. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. पोस्टरकडं पाठ करून सोयाबीनच्या भावाची चर्चा चाललीय.

एक वाजत आलाय. आतून लाल स्टिकरवालीच्या घरच्यांना हाक येते. तिचा नवरा टोपी काढून दारात उभा राहतो.

"उद्या हिले जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. रक्त फार कमी आहे, गोळ्यांवर भागणार नाही. अन् बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. दहा वर्षं पाहायचं काम नाही. हिले विचारलं, हो म्हणते."

"मग सही कुठं करू?"

"तुमची नाही लागत. हिची लागते. तुम्ही सकाळच्या एसटीचं पाहा."

तो पोराला कडेवर घेतो आणि एसटीची वेळ विचारायला वॉचमनकडं वळतो. सिस्टर पुढचं कार्ड उचलते.